फक्कीचा वाचनकक्ष

प्रवेशद्वार

"तू भिंतीतून आलास," मी म्हटलं. "दार तिकडे आहे."

बॅट घेतलेला तो मुलगा थांबला. खाली बघितलं त्याने. मोहन्याच्या मैदानावर मी फक्कीने मारलेली पांढरी रेघ, त्यांच्या पिचवरून आरपार. मग तो निमूट मागे गेला, वळसा घालून दारातून आला. चपला बाहेर काढून — अभ्यासिकेत काढतात तशा.

तिथेच… जरा गडबड झाली माझी.

भिंत

मी वल्लरी. डोंबिवलीची. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, प्रकल्प: राष्ट्रीय ग्रंथालय, मोहने. सर म्हणाले, असली अवाढव्य वास्तू दिल्लीत शोभते. इथे निम्मी कर, नाहीतर सोमवारी सही मिळणार नाही. सही नाही म्हणजे वर्ष गेलं. म्हणून कागदावरचा वाचनकक्ष खऱ्या मापात आखून बघत होते. मोठा, मोठा म्हणजे नक्की किती?

उपाहारगृह

सरांनी खोडलं. मी परत काढलं.

वाचनकक्ष

त्याचं नाव ऋतुराज, आंबिवलीचा. स्पर्धा परीक्षा देतोय. अभ्यासिकेत नंबर लागत नाही म्हणून बिल्डिंगच्या जिन्यात बसून वाचतो. हे सगळं सांगत त्याने मित्रांना आत बोलावून बसवलं. अख्खी टीम एका कोपऱ्यात मावली. बाकीचा कक्ष पार मैदानालगतच्या कारखान्याच्या भिंतीपर्यंत… रिकामा.

"मोठाय यार," तो म्हणाला.

माझा चेहरा पडला. "म्हणजे तूपण सरांच्याच पार्टीतला."

"मोठाय म्हटलं. जास्त आहे असं कुठे म्हटलं?" तो वळला. "इकडच्यांनी काय, कायम ॲडजस्टच करायचं?"

मी मोबाइल काढला. सरांना लिहिलं — आकार आहे तोच राहील, सही नसली तरी. पाठवलं.

वर्ष गेलं तर काय, त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी हाच आखेन. वर एक मजला चढवून.

तो हसला. खूप वेळ. माझ्याकडे बघत.

टीम पलीकडे खेळायला गेली. ऋतुराज गेला नाही. कक्षाच्या मधोमध, मातीत, मांडी घालून बसला. मी फक्कीचे हात झटकले, चालत गेले आणि त्याच्या शेजारी बसले. खांद्याला खांदा लागेल इतकी.

"एवढा मोठा हॉल आहे," तो समोर बघतच म्हणाला. "आणि तुला… इथेच जागा मिळाली?"

"हो," मी म्हटलं. "आणि मी उठणार नाहीये."