मागून आलेला हात

आकोटच्या मंगल कार्यालयात जेवणं आटोपली, सायकली भिंतीला लागल्या, तेव्हा सामानाच्या टेम्पोचे ड्रायव्हर नत्थुजी अंगणात खाट टाकून बसले. वय अडुसष्ट. सायकल सफरीतली पाच-सहा पोरं खाटेभोवती पाय पसरून बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना अंजनगाववरून परतवाडा गाठायचा होता. नत्थुजींनी पान लावलं, सावकाश दाढेखाली धरलं आणि म्हणाले, की ही गोष्ट ऐकीव नाही. सरफराजची आहे, आणि अर्धी तर आपल्याच डोळ्यांसमोर घडली.

या सरफराजचं अकोल्यात जठारपेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान. दरवर्षी दहा दिवसांची ही सफर निघाली की सगळ्यांच्या मागे राहायचं काम तेव्हा त्याचं. कोणाचं चाक बसलं, कोणाच्या पायांत गोळे आले, तर त्याला धीर द्यायचा आणि पुढे घालून आणायचं. ‘तू हो पुढं, मी मांगं आहो,’ हे तो दिवसातून पन्नासदा म्हणायचा. सहा वर्षांत त्याने एकही माणूस रस्त्यावर सोडला नव्हता. बोलून दाखवत नसे, पण त्याला त्याचा अभिमान होता.

तर तो दिवस होता अकरा डिसेंबर दोन हजार पंचवीस, गुरुवार. अमावास्या वगैरे काही नाही. वद्य अष्टमी, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. अठरा जण पुढे आणि एकोणिसावा सरफराज मागे, असे ते अकोल्याहून सकाळी निघाले होते. अंजनगाव सोडल्यावर तेल्हाऱ्याच्या किशोरच्या मागच्या चाकाची तार तुटली. सरफराजने रस्त्याच्या कडेला मांडी घालून नवी तार बसवली, चाक फिरवून फिरवून सरळ केलं. किशोरसाठी दोघं थांबले होते, त्यांच्याबरोबर त्याला लावून दिलं. सूर्य बुडाला होता. बाटलीतल्या पाण्याने वजू करून त्याने शेताच्या धुऱ्यावरच मगरिबची नमाज पढली आणि मग एकटाच निघाला. परतवाडा चौदा किलोमीटर.

रस्ता चांगला. डावीकडे सातपुड्याची काळी रेघ, उजवीकडे संत्र्यांचे बगीचे. थंडी पडू लागली होती, म्हणून त्याने वरचं जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं. सहा चाळीसला पौर्णिमाताईंचा फोन आला. सफरीची सगळी व्यवस्था त्याच बघत.

“सगळे पोचले, सरफराजभाऊ. अठराच्या अठरा मोजले मी. आता तुमीच राहिले.”

तो म्हणाला, अर्ध्या तासात येतो. फोन खिशात टाकला.

आणि मागून सायकल ऐकू आली.

ओंगण नसलेली साखळी कशी करकरते, ते त्याला सांगायला नको. आयुष्य त्यातच गेलेलं. कोणीतरी शेतातून घरी चाललं असेल, असं त्याला वाटलं. पण आवाज पुढे जाईना. तो हळू झाला, आवाज हळू झाला. तो थांबला... आवाज थांबला. त्याने वळून बॅटरी मारली. रिकामा रस्ता. दूरवर डांबर दिसत होतं, तिथपर्यंत कोणी नाही.

तो पुन्हा निघाला. करकर पुन्हा सुरू झाली. आता त्याच्याबरोबर धापा टाकल्याचा आवाजही होता. खूप लांबून आलेल्या माणसाचा. सरफराजच्या मनात आलं, आपला एखादा गडी तर राहिला नाही? त्याने अठरा नावं मनातल्या मनात घेतली. सगळी मुक्कामावर पोचलेली होती.

मग अगदी मानेजवळ कोणीतरी विचारलं,

“शेवटले तुमीच का, भाऊ?”

आवाज साधा होता. थकलेला. आणि सरफराजने, रोजच्या सवयीने, वळून न बघता उत्तर दिलं.

“हो. मीच.”

पाठीच्या मधोमध एक हात टेकला.

तुम्ही पोरं चढावर एकमेकांना देता ना, तसा आधार. तसाच. सायकल हलकी झाली. मग वेगात निघाली. सरफराजने पाय थांबवले. ती थांबेना. दोन्ही ब्रेक दाबले. चाकं घासली, जळका वास आला, पण वेग तोच. उडी मारावी म्हटलं तर बोटं मुठींवरून सुटेनात...

परतवाडा आला. मुक्कामाच्या शाळेच्या फाटकाशी पौर्णिमाताई टॉर्च घेऊन उभ्या होत्या. तिथेच नत्थुजी टेम्पो पुसत होते. दोघांनी बघितलं. सरफराज येतोय. पाय खाली लोंबकळतायत. पायडल स्थिर. आणि सायकल धावतेय.

“धरा मले, ताई...”

ताई पुढे झाल्या. बोटांत त्याची बाही आली. निसटली. तो गेला.

मागे कोणी नव्हतं. हे दोघांनीही नंतर शपथेवर सांगितलं.

नत्थुजींनी टेम्पो काढला. ताई शेजारी. सेमाडोहच्या रस्त्याने सायकलचा मागचा तांबडा दिवा काही वेळ पुढे दिसला. टेम्पोचा काटा साठवर. दिवा लहान होत गेला... गेला. पुढे घाट लागला. ते वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. हाका मारल्या. उत्तर नाही. ताई रडत नव्हत्या, नुसत्या ‘बाही आली होती हातात’ म्हणत होत्या.

तिसऱ्या खेपेला, पावणेनऊला, घाटातल्या एका वळणावर तो सापडला. तिथून ते दोनदा गेले होते. दोन्ही वेळा तिथे कोणी नव्हतं. सायकल आडवी, आणि सरफराज दगडावर बसलेला. जिवंत. डोळे उघडे. नत्थुजींनी विचारलं, कोण होतं रे? तो एवढंच म्हणाला, “हात काढला त्यानं. आत्ताच.”

त्यानंतर सरफराज सायकली दुरुस्त करतो, पण बसत नाही. गिऱ्हाईकाची सायकल तपासायला त्याची बायको अनीसा गल्लीतून चक्कर मारून आणते.

नत्थुजी थांबले. उठून पान थुंकून आले.

त्या रात्री शाळेत आणल्यावर त्याची बोटं मुठी धरल्यासारखी आखडलेलीच होती, म्हणून नत्थुजींनीच त्याचे कपडे काढले. आधी जाकीट. गळ्यापर्यंत बंद, कुठे डाग नाही. त्याखाली स्वेटर. कोरडा. त्याखाली बनियन. पांढरंशुभ्र. मग बनियन वर केलं.

पाठीवर, अगदी कातडीवर, काळ्या मातीचा पंजा उमटला होता. पाची बोटं स्पष्ट.

नत्थुजींनी बोट लावून पाहिलं.

माती ओली होती.