पडेगावच्या विहिरीतलं पाणी

मे महिन्यातल्या रणरणत्या दुपारी पडेगावात तहसीनची स्कूटी बंद पडली, आणि ती पाणी मागायला एका विहिरीपाशी गेली. तिथं हंड्यांची ही लांब रांग! पोहरा ओढणाऱ्या तरुणानं, मिन्हाजनं, तिच्या ओंजळीत पाणी ओतलं... इतकं गार, की तिचे डोळे आपोआप मिटले.

"विहीर तुमची?"

"विहीर आमची. पाणी सगळ्यांचं."

तहसीन हसली. विद्यापीठात तिची पीएचडी नेमकी यावरच चालली होती. "अर्थशास्त्राचं पुस्तक टंचाईपासून सुरू होतं. इस्लामी विचारवंत मात्र म्हणतात, अल्लाहनं सगळ्यांना पुरेल एवढं दिलंय. माणूस दडवून ठेवतो, तिथं तुटवडा पडतो."

"मग तुम्ही लिहा, मी ओढतो," तो म्हणाला — आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला.

रांग संपली तरी पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. तहसीनच्या अंगावर काटा आला.

"झरा मोठा असेल?"

"झराच नाय. खाली नुसता खडक."

त्यानंतर ती रोजच येऊ लागली. अभ्यासासाठी... असं घरी सांगून.

एके दिवशी रांग दिसली नाही. मिन्हाजच्या चाचांनी विहिरीवर जाळी बसवून कुलूप ठोकलं होतं. पाणी टँकरवाल्याला विकायचं ठरलं होतं. टँकरचा पाइप आत सोडला, तर तळ कोरडा! आणि त्या कोरड्या तळातून रिकाम्या हंड्यांचा खणखणाट वर येत होता. चाचा पांढरेफटक पडले. किल्ली मिन्हाजच्या हातात कोंबून ते निघूनच गेले.

मिन्हाजनं कुलूप काढलं. रोज रांगेत पहिल्या असणाऱ्या पारूबाईंना हाक मारली, शेजारपाजाऱ्यांना बोलावलं. पोहरा खाली गेला... खणखणाट थांबला. आणि पोहरा काठोकाठ भरून वर आला.

बाया पाणी घेऊन गेल्यावर काठावर दोघंच उरले.

"भ्या वाटलं?" त्यानं विचारलं.

"लई. उद्यापासून इथं यायचं कारणच उरणार नाही, असं वाटलं."

"कारण मी देऊ?" त्यानं पोहरा काठावर ठेवला. "अम्मीला तुमच्या घरी पाठवू?"

तहसीननं मान खाली घातली. ओठ हललेही नव्हते... तोच विहिरीतून, अगदी तिच्याच आवाजात, शब्द आला — "हो."

दोघंही थिजून गेले. मग ते उत्तर आपलंच राहावं म्हणून, त्याच्या डोळ्यांत बघत, तहसीन मोठ्यानं म्हणाली, "हो!"