सतरावं ताट

आमच्या गिरण्यांच्या गावात, शुक्रवार पेठेत या घराला अजून खानावळच म्हणतात. खानावळ बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी रिक्षावाल्याला 'बजाबाईची खानावळ' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. मी चौथी शिकलेली बाई. पण बत्तीस गिरणीकामगारांना दोन्ही वेळा जेवू घातलं आणि कुणाच्या ताटात कधी कमी पडू दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी खुळ्यात काढणार नाही.

जेवणाची खोली लांबलचक, वर पत्रा. भिंतीकडेनं शहाबादी फरश्यांची एक ओळ, दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बत्तीस. एका फरशीवर एक माणूस. असं का, तर वाढायला चिमाबाई होती. लहानपणी देवी येऊन तिचे डोळे गेलेले. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्यात पळी, पाय अनवाणी. तळपायाला फरशीचा सांधा लागला की एक माणूस, पुढचा सांधा लागला की पुढचा. पहिली फरशी दाखवून द्यायची, बस्स. शेवटपर्यंत ती कुणाला काही विचारायची नाही. मधलं एक माणूस जरी सरकून बसलं तर आमटी मांडीवर. म्हणून ओळ सलगच पाहिजे. आणि पंगत एकदा चिमाबाईच्या हातात गेली की मालकीणसुद्धा मधे पाय घालणार नाही, हा माझाच नियम.

दुसरा नियम ताटाचा. जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची ताटं, ज्याच्या त्याच्या नावाची. ताट उताणं असेल तर माणूस जेवायचा आहे. जेवून झालं की त्यानं ते नळावर धुवायचं आणि आपल्या फरशीवर पालथं घालायचं. पालथं म्हणजे झालं. मग चिमाबाई चाचपत सगळी ताटं गोळा करून मांडणीवर लावायची आणि मागून उंबऱ्यापाशी एकटी जेवायला बसायची. तिचंही ताट धुऊन ती तिथंच पालथं घालायची. दुसऱ्याच्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. ताटं उचलल्यावर फरशीवर ओले गोल राहायचे, ओळीनं. उन्हाळ्यात ते वाळताना बघत बसायला मला लई आवडायचं.

आता त्या खोलीत माझी नात उत्कर्षा पुण्याच्या ऑफिसचं काम कॉम्प्युटरवर करत बसते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आली. आज्जीला सोबत म्हणून आले, असं गल्लीभर सांगते. मी म्हणते, तिथं गार भाकरी मिळत होती म्हणून आली. पण दुपारी त्या खोलीतून तिच्या बोटांची टकटक आली नाही तर मला झोप लागत नाही. हे तिला मी कधी बोलले नाही, बोलणारही नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसनं तिला एक करडी पेटी पाठवली, पुढं बारीक दिवे. चार दिवस पोरगी त्या पेटीसमोर कपाळाला हात लावून बसलेली. जेवण नाही, बोलणं नाही.

"काय झालंय गं? पेटी मेली का?"

"पेटी चांगली आहे आज्जी. माझंच काहीतरी चुकतंय."

"मला सांग की. बत्तीस गडी सांभाळलेत मी."

ती हसली. पण सांगितलं. इंटरनेटवरचे निरोप ही पेटी घेते आणि पुढं धाडते. प्रत्येक निरोप क्षणभर ठेवायला मेमरीत जागा लागते. त्या सगळ्या जागा एका रांगेत, सलग लागतात. कारण आतली चिप हिला काही विचारत नाही. पहिली जागा कुठं, एक जागा केवढी आणि एकूण किती, एवढं सुरुवातीला सांगायचं. पुढं तीच जागा घेणार, निरोप गेला की तीच परत करणार. मधे हिनं हात घालायचा नाही.

"म्हंजे चिमाबाई," मी म्हणाले.

"कोण?"

"काय न्हाय. मग अडलं कुटं?"

"चाचणीला बत्तीस जागा दिल्या. एकतीसच परत येतात. पुण्यात होती तेव्हा हीच पेटी सगळ्या परत द्यायची. इथंच एक अडकते."

"कुठली?"

"रोज तीच. सतरावी."

मी पदरानं तोंड पुसलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

दारापासून सतरावी फरशी गुरुबसप्पाची. अक्कलकोटकडचा गडी, गिरणीत सांच्यावर म्हणजे मागावर काम करायचा. मला अक्का म्हणायचा, आणि चटणीला नावं ठेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्याच्या गिरणीचं दार बंद झालं त्या दिवशी सकाळी आला, जेवला नाही. "अक्का, गावाकडं जाऊन येतो. ताट उताणं ठेवलंय बगा." गेला तो गेलाच.

आठ महिने मी ते ताट तसंच ठेवलं. मग एक दिवस वैतागून मीच पालथं घातलं आणि उचललं. चिमाबाईला म्हटलं, सतरावी सोडून वाढ.

"अक्का, मला मधली सोडता येत न्हाय. ताट मांड, न्हायतर फरशीवर वाढीन."

"वाढ. बगू."

तिनं वाढलं. पळीतनं आमटी पडताना मी या डोळ्यांनी पाहिली. फडकं घेऊन पुसायला गेले.

फरशी कोरडी होती.

मी तेव्हाही कुणाला बोलले नाही. चिमाबाई शेवटपर्यंत त्या फरशीवर वाढत राहिली आणि मी शेवटपर्यंत तिकडं फडकं नेलं नाही. खानावळ बंद झाली, ताटं मोडीत गेली. चिमाबाईला जाऊन बारा वर्षं झाली. तिचं ताट तिची भाची करकंबला घेऊन गेली.

गुरुवारी ऑफिसचा फोन आला. तिकडचा साहेब म्हणाला, घरातल्या विजेचा घोटाळा असणार. उद्यापर्यंत सुटलं नाही तर पेटी घेऊन पुण्याला ये, आणि आता तिथंच राहा. उत्कर्षानं बॅग खाली काढली. मी म्हटलं, जा की, मला काय.

शुक्रवारी सकाळी मी माळ्यावरून एक ताट काढलं. तेवढं एक मोडीत दिलं नव्हतं. काठावर कानडी अक्षरांत ठोकलेलं नाव. घासलं. सतराव्या फरशीवर उताणं मांडलं. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी.

"आज्जी, आता पेटीला नैवेद्य?"

"नैवेद्य देवाला. ह्ये गिऱ्हाइक हाय. तू तुझं काम कर."

अकरा वाजले होते. पूर्वी याच वेळी पंगत बसायची. मी आत जाऊन हात धुतले. बाहेर कळा दाबल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"आज्जी! सतरावी आली परत!"

मी बाहेर आले. फरशीवर ताट पालथं होतं. उचललं. धुतलेलं, ओलं. चटणीचा कण नाही, तुकडा नाही.

"तू उठलीस का गं?"

"नाही. का?"

"काय न्हाय."

मी ताट छातीशी धरलं. झालं बाबा तुझं, मनात म्हटलं. माझी चूक झाली, ती आज फिटली. डोळे भरून आले. पोरीला वाटलं, ती राहणार म्हणून. तसंही असेल.

तिनं पुण्याला फोन लावला. बोलता बोलता पडद्याकडं बघून थांबली. हळू आवाजात काहीतरी सांगितलं, तिकडचं ऐकून घेतलं, फोन ठेवला.

"काय म्हणाले? ऱ्हायचं का जायचं?"

"राहायचं. ते म्हणाले, पुण्यात असं कधी झालं नाही, तिथंच राहून शोध."

"आता काय शोधायचं? सतरावी आली की."

"हो. पण आज्जी, मी बत्तीसच जागा दिल्या होत्या." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "परत तेहेतीस आल्या."

मी ओळीच्या शेवटाकडं पाहिलं. सकाळपासून तिकडं कुणी पाणी सांडलं नव्हतं.

उंबऱ्यापाशी फरशी ओली होती. ताटाएवढी, गोल.