दोन गाठींची चादर

"ताई, हे पान पाठवलंस तर माझं लग्न मोडलं म्हणून समज!"

धाकट्या भावाने तिचाच कागद तिच्यापुढे नाचवला... आणि ताई दारात ओले हात पुसत उभी! मनोरुग्णालयाच्या धुलाईखान्यात वीस वर्षे चादरींना इस्त्री करता करता ती बाहेरून पदवीधर झाली होती. "पंडितीणबाई, पुस्तक मिटा, चादर जळतेय!" असे सोबतिणी चिडवायच्या, आणि तीही हसायची. आता मानसशास्त्राच्या एम.ए.ला अर्ज करायचा होता. वयाची अट पंचेचाळीस, आणि तिला चव्वेचाळीस सरत आलेले. म्हणजे हा पहिला अन् शेवटचाच अर्ज! सोबत एका पानात लिहायचे होते : मानसशास्त्रच का?

तिने खरे ते लिहिले होते. आईविषयी.

"अरे छोट्या, यात खोटं काय आहे?"

"खरं आहे म्हणूनच तर! माझे होणारे सासरे त्याच विभागात शिकवतात. आई लहानपणीच गेली, असं सांगितलंय मी त्यांना. आणि तू लिहितेस, ती तुझ्याच इस्पितळात आहे!"

"आहे रे ती... पान पुरतं वाचलंस का तरी?"

"दोन ओळी वाचल्या, तेवढ्या पुरे झाल्या!" आणि मग त्याने तिचे ओले हात धरले. "आजवर माझ्यासाठी एवढं केलंस ताई... हे एक शेवटचं कर."

परमेश्वरा, मागणाऱ्याच्या जिभेवर तू किती गोडवा ठेवतोस! आठ वर्षांचा असल्यापासून ज्याला पदराखाली वाढवले, त्याला ती नाही कशी म्हणणार? ते पान तिने इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ठेवले आणि दुसऱ्या पानावर लिहिले : 'मला समाजसेवेची आवड आहे.'

लग्न थाटात झाले. महिन्याभराने विद्यापीठाचे पत्र आले, ते धाकट्यानेच फोडले. 'अर्जदाराचा हेतू स्पष्ट होत नाही.' बस्स, एवढेच! पण तो हेतू कोणाच्या शब्दाखातर पुसला गेला, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

पत्र घेऊन तो धुलाईखान्यात गेला... वीस वर्षांत पहिल्यांदा! ताईने ते वाचले, घडी घातली, "बरं," म्हणाली आणि पुन्हा इस्त्री उचलली.

"ओरड ना माझ्यावर, ताई! काहीतरी बोल!"

"मी काय बोलू? हे वाच." तिने खणातले पान त्याच्यापुढे धरले.

'माझी आई वीस वर्षे बोललेली नाही. पण दर बुधवारी तिची चादर धुवायला येते, तेव्हा तिच्या दोन कोपऱ्यांना दोन गाठी असतात. एक माझ्या आठवणीची, हे मी ओळखले. दुसरी कोणाची, असे विचारले तेव्हा तिने तळहात जमिनीपासून वर धरून उंची दाखवली... आठ वर्षांच्या मुलाएवढी. तिची ही भाषा मला शिकायची आहे.'

या वेळी त्याने पान पुरते वाचले. ताई त्याला वॉर्डात घेऊन गेली. खिडकीशी बसलेल्या आईने या उंच, परक्या माणसाकडे पाहिले, आणि जणू नव्या डॉक्टरला सांगावे तसा तळहात हवेत धरला... एवढा, एवढा माझा मुलगा! तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याने आपले मस्तक त्या तळहाताखाली नेले. "आई, मीच गं तो!" हात क्षणभर केसांवर टेकला... आणि मग हळूच बाजूला सरकून, शेजारच्या रिकाम्या जागेत पुन्हा तीच उंची दाखवू लागला!

त्याच संध्याकाळी त्याने सासऱ्यांपुढे ते पान ठेवले आणि सारे कबूल केले. "हे अर्जासोबत असतं तर..." एवढेच ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. अर्जाची मुदत संपली होती, ताईचे वयही उलटले होते.

पुढच्या बुधवारी चादर आली. दोन्ही गाठी जागच्या जागी! आईच्या लेखी मुलगा अजून यायचाच होता.

ताईने सवयीने गाठी सोडवायला दोन्ही कोपरे पुढे ओढले.

"थांब ताई," दारातून धाकटा म्हणाला. "माझी मी सोडवतो."

गाठ फार घट्ट होती. त्याला वेळ लागला... ताईने इस्त्री बंद केली आणि ती वाट पाहत राहिली.