मशीन सुरू होईपर्यंत

डोळे दुखतात म्हणून ती चष्म्याच्या दुकानात गेली आणि चष्मा न घेताच परत आली.

त्या दिवसांत कॉम्प्युटर म्हणजे निम्मं टेबल अडवून बसलेला, मागे पोट सुटलेला डबा असायचा. तिच्या घरी असा डबा येऊन जेमतेम महिना झाला होता. त्याआधी सात वर्षं ती टाइपरायटरवर लोकांचे अर्ज आणि प्रबंध टाइप करून द्यायची. हात असा चालायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. पण डब्यासमोर बसलं की संध्याकाळपर्यंत डोळ्यांना धारा लागायच्या.

दुकानातल्या तरुणाने तिला खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट चढवली आणि एकेक काच बदलायला सुरुवात केली.

"आता काय दिसतंय? आधीचं बरं... की हे?"

"दोन्ही सारखंच."

"आणि हे?"

"तेही तसंच. माझंच काही चुकतंय का?"

"तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत," तो म्हणाला. "काम काय करता?"

तिने कॉम्प्युटरचं नाव काढलं मात्र, त्याची कळी खुलली. पडदा डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक लुकलुकताना दिसतो का, असं त्याने विचारलं. दिसायचा खरा. त्यानेच डोळे दुखतात, असं म्हणत त्याने पावतीच्या मागे पडद्याचं सेटिंग कुठे बदलायचं ते चार ओळींत लिहिलं आणि खाली घरचा फोन नंबर टाकला. "नाही जमलं तर सातनंतर फोन करा. शाळेपासूनचा छंद आहे माझा. घरात इतके सुटे भाग आहेत की आई चहाचा डबा उघडतानाही दबकत उघडते."

हातचं गिऱ्हाईक असं फुकट घालवणाऱ्या नोकराकडे मालक गल्ल्यावरून बघत राहिला.

तिला जमलं नाहीच. सात वाजून पाच मिनिटांनी तिने फोन लावला.

"थांबा हं," पलीकडून आवाज आला, "माझं मशीन सुरू करतो. तुम्हाला जे दिसतंय तेच मलाही दिसायला हवं." मग घरघर ऐकू आली. "चार मिनिटं लागतात याला."

चार मिनिटं गप्प कसं बसायचं? म्हणून त्याने विचारलं, टाइपरायटरचं काय केलंत? तिने सांगितलं, पलंगाखाली आहे, टाकवत नाही. तो म्हणाला, टाकूच नका... एवढ्यात मशीन सुरू झालं.

अशी सुरुवात झाली. तिचे प्रश्न म्हणजे ऐकण्यासारखेच. टाइपरायटरच्या सवयीने ती प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायची. एका प्राध्यापकांनी अक्षर मोठं करून मागितलं आणि ऐंशी पानांच्या ओळींच्या चिंध्या झाल्या. ती रडकुंडीला आली. त्याने दोन संध्याकाळी खर्चून फोनवरूनच सगळं ताळ्यावर आणून दिलं आणि एकदाही हसला नाही. हे तिच्या फार मनात राहिलं.

मशीन आपोआप बंद पडतं, अशी तिची तक्रार आली तेव्हा मात्र त्याची परीक्षा झाली.

"वर काही झाकलंय का?"

"...हो."

"काय?"

"टाइपरायटरचं कव्हर. थोडं उसवून बसवलं."

"चालू असताना?"

"धूळ तेव्हाही बसतेच ना!"

पलीकडून दाबलेला खोकला ऐकू आला. "हसताय तुम्ही," ती म्हणाली.

"छे... कव्हर कुठल्या रंगाचं आहे?"

"निळं. का?"

"काही नाही. उगीच."

तीन वर्षं अशी गेली. दर फोनला आधी मशीन सुरू व्हायचं आणि तेवढ्या चार मिनिटांत तिचा आख्खा दिवस सांगून व्हायचा. पण ती शिकतही होती. प्रश्न संपत आले होते. खोटे प्रश्न रचणं तिच्या स्वभावात नव्हतं. हा माणूस फोन उचलतो तो कॉम्प्युटरसाठी की आपल्यासाठी, हे विचारायला जीभ रेटत नव्हती. कॉम्प्युटरसाठीच असेल तर? मग सातनंतरच्या संध्याकाळी मोकळ्याच राहायच्या, आणि हा विचारही तिला सोसत नव्हता.

त्यातच दादाने नवा कोरा कॉम्प्युटर आणून दिला. वर्षभर कंपनीचा माणूस घरी येऊन सगळं बघणार होता. "आता त्या चष्मेवाल्याला छळू नकोस," दादा म्हणाला.

जुना डबा भंगारात द्यायच्या आधी तिला एकच निमित्त सापडलं. त्याला सुटे भाग लागतात, तर त्यालाच विचारावं. ती प्रथमच त्याच्या घरी गेली.

दार त्याच्या आईने उघडलं. तिला निरखून म्हणाली, "निळ्या कव्हरवाली का गं तू?"

ती लाजून चूर झाली. आतल्या खोलीत तो स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभाच राहिला. दादाने नवं मशीन आणलंय, जुन्याचे भाग हवेत का, हे तिने एका दमात विचारून टाकलं. टेबलावर त्याने स्वतः जोडलेलं, तिच्या दादाने आणलेल्या कॉम्प्युटरलाही मागे टाकेल असं मशीन होतं. आणि शेजारी तिचाच डबा.

म्हणजे तिचा नव्हे, पण अगदी तसाच. पडद्यावर तिच्याकडे असतं तेच होडीचं चित्र. कचऱ्याची टोपली तिच्याकडून एकदा चुकून मधोमध आली होती, ती इथेही मधोमध. 'कामाचं', 'कामाचं नवीन' आणि 'कामाचं अगदी नवीन' हे तिचे तिन्ही फोल्डर ओळीने होते. रिकामे. वर निळं कव्हर नीट घडी करून ठेवलेलं.

"केव्हाची सांगतेय, हे जुनं धूड काढ," आई म्हणाली. "तर म्हणतो, नको, एका ठिकाणी अजून हेच आहे." आणि चहा ठेवते म्हणत ती शहाणी बाई आत गेली.

"तुम्हाला उत्तरं पाठच असणार," ती हळूच म्हणाली.

"बहुतेक... हो."

"मग दर वेळी हे सुरू कशाला करायचात?"

तो खाली बघत म्हणाला, "याला चार मिनिटं लागतात."

ती खुर्ची ओढून त्या डब्यासमोर बसली. तीन वर्षं ज्याचा घोर लावून घेतला होता, त्याचं उत्तर रोज तिच्या कानाशी घरघरत होतं.

"नवं आलंय ना तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "किती वेळात सुरू होतं?"

"अर्ध्या मिनिटात."

"वाईट झालं."

"म्हणजे आता मशीनशिवाय बोलावं लागेल. जमेल?"

"सवय नाही..."

"मी शिकवीन," ती म्हणाली. "हसणार नाही. बोल."

पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. आणि मग तो बोलला, अडखळत, पण सगळं.

त्यांच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली. घरात पातळ पडद्यांची मशीनं आली नि गेली, पण एक जुना डबा कोपऱ्यात अजून आहे. कधीतरी संध्याकाळी, सातनंतर, कव्हर काढून दोघं तो सुरू करतात आणि होडी दिसेपर्यंत शेजारी बसून राहतात. आता त्याला अकरा मिनिटं लागतात. दोघांचीही काही तक्रार नाही.