स्वयंपाकघरातला फोन

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी शपथा घेत बसणार नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलं, म्हैसूरला, कुवेंपुनगरात, आषाढातल्या एका शुक्रवारी.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

मावशीचं नाव नागवेणी. तिचे यजमान, नरसिंहमूर्ती काका, एका मोठ्या ऑफिसात फोनचं काम बघायचे. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा टेबलांवरचे फोन फेकून देणार होते. काकांनी त्यातले सहा घरी आणले.

प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक.

ज्या बटणांपुढे साहेबलोकांची नावं असायची, तिथे काकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. दिवा, पंखा, गीझर, मोटर, फाटक. बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. लोक मुद्दाम बघायला यायचे. "मूर्ती, घरालाच नोकर केलंत की तुम्ही!" म्हणायचे.

घरात नोकर कोण होतं, ते मावशीला माहीत होतं.

कारण काकांच्या उशाशी जो फोन होता, त्यावरून सगळ्या घरातलं सगळं बंद करता यायचं. मावशी न्हाणीघरात गेली की थोड्याच वेळात गीझर बंद. शेजारीण जरा टेकली की पंखा बंद. फोन वाजायचासुद्धा नाही. आधी नुसतं 'कट्'... मग बारीक खरखर... मग भिंतीतून आवाज.

"वेणी, पुरे झालं."

तिला वेणी म्हणणारे ते एकटेच. आम्हा सगळ्यांची ती नागू.

मार्गशीर्षात काका झोपेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावर मुलगी, सहना, कामाला लागली. वायरमन बोलावून दिवे-पंखे साध्या बटणांवर आणले, फाटकाला कडी बसवली, सगळ्या फोनांच्या वायरी कापून टाकल्या.

"अम्मा, फोनही काढू का?"

"राहू दे गं. भिंतीला भोकं दिसतील."

फोन तसेच लटकत राहिले. मुके.

त्या शुक्रवारी मावशीची थोरली बहीण, म्हणजे माझी आई, तिच्याकडे जेवायला गेली. कित्येक वर्षांनी. एकदा काकांनी फाटकच उघडलं नव्हतं. आई उन्हात उभी राहून परत आली होती. त्यानंतर ती त्या घराची पायरी चढली नव्हती.

जेवणं झाली. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या.

"नागू, चामुंडीच्या डोंगरावर देवीला आज काय गर्दी! माझ्या चपलाच गेल्या. मग दिसल्या त्या घालून आले."

"कुणाच्या गं?"

"कुणाला माहीत! खाली येऊन बघते तर दोन्ही डाव्या!"

मावशी हसली. खो खो हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईने तिला असं हसताना लग्नाआधी पाहिलं होतं.

आणि मग...

कट्.

दोघींनी ऐकलं.

बारीक खरखर...

डोक्यावरचा पंखा मंदावला. थांबला.

"करंट गेला वाटतं," आई म्हणाली.

पण हॉलमधला पंखा फिरत होता.

आईने भिंतीकडे पाहिलं. फोनवरचा बारका लाल दिवा लागला होता. खाली कापलेली वायर लोंबत होती...

नुसती खरखर. पलीकडे कुणीतरी वाट बघत थांबावं, तशी.

मावशी उठली. पदर सावरला. खाली मान घालून म्हणाली, "हो. झालंच. निघालीच ती."

पंखा सुरू झाला.

आई सांगते, त्या लाल दिव्याची भीती नाही वाटली. भीती वाटली ती बहिणीच्या चेहऱ्याची. त्यावर नवल नव्हतंच.

"नागू, हे कधीपासून चाललंय?"

"दिवसकार्याचे पाहुणे पांगले, तेव्हापासून."

"आणि तू उत्तर देतेस?"

"नाही दिलं तर दिवसभर खरखरतो गं. त्यापेक्षा हो म्हटलेलं बरं. सवय आहे मला."

आईचं डोकं फिरलं. तिने उलथनं घेतलं आणि तो फोन भिंतीतून उचकटून काढला. मग बाकीचे पाच. सगळे पोत्यात भरले. कोपऱ्यावरच्या अन्वर भंगारवाल्याला हाक मारली आणि पोतं उचलायला लावलं. भिंतींना भोकं पडली ती पडली.

आठवडाभराने अन्वर फाटकाशी आला. हातात फडक्यात गुंडाळलेला एकच फोन.

"अम्मा, बाकीचे फोडले. हा मात्र फोडवत नाही. परत घ्या."

"का रे?"

त्याने मान वर केली नाही.

"बोलतो हा... विचारतो, वेणी कुठाय. माझी बायको घरात पाऊल टाकेना झालीय. कोण ही वेणी, अम्मा?"

मावशीने फाटकाची कडी आतून घातली.

"त्याला सांग, वेणी मेली."

अन्वर फोन घेऊनच गेला. पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही. निरोप पोचला की नाही, त्या फोनचं पुढे काय झालं, आम्हाला आजवर कळलेलं नाही.

घर आता शांत आहे. पंखे फिरतात, दिवे जळतात. पण मावशी कुजबुजल्यासारखीच बोलते. हसू आलं तर तोंडात पदर कोंबते.

परवा न राहवून मी म्हटलं, "मावशी, आता कुणाची भीती? जरा मोठ्याने बोल की."

तिने ओठांवर बोट ठेवलं. एकदा भिंतीकडे बघितलं.

"मेल्येय ना मी? मग मेलेल्या बाईचा आवाज कसा येईल?"

त्या घरात गेलो की हल्ली मीही हळूच बोलतो...