ब्लॉकवाली मंदा

मंदाला बाकावर जागा दिली लीलाधरने, आणि बोलायला सुरुवात केली तीही त्यानेच. दुसरी मोठी लढाई पेटायच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. पाचोऱ्याच्या फलाटावर दोघं जामनेरच्या छोट्या गाडीची वाट बघत होती. तो जामनेरच्या शाळेतला नवा मास्तर. आणि ती...

“मुंबईच्या का आपण?”

“हो... खारला. अगदी समुद्रावर ब्लॉक आहे आमचा. लिफ्टसुद्धा आहे.”

ब्लॉक मामाचा होता. मंदा वर्षभर त्याची पोरं सांभाळायला गेली होती. पण तेवढं सांगायची गरज काय?

“समुद्रावर पापड वाळतात का हो?” त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की तिला हसू आवरेना.

“नाही वाळत. मऊच राहतात.”

“मग काय कामाचा तो ब्लॉक?” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. तिने मान खाली घातली – पण उठून जावंसं काही वाटेना.

तेवढ्यात भागाबाई आली. मंदाची आई. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत धुळीने माखलेली, हातात भाकरीचं फडकं. लेकीला न्यायला ती पहाटेच गावाहून पायी निघाली होती.

“मंदे, कितली वाळी गई व...” तिने लेकीचे केस कानामागे सारले.

“या कोण?” लीलाधरने विचारलं.

“आमच्या... शेतावर कामाला असतात.”

बोलून गेली खरी, आणि आपली जीभ का झडली नाही असं तिला झालं. भागाबाईने हात मागे घेतला.

“हां भाऊ,” ती म्हणाली, “यासना वावरमा काम करस मी.” आणि लेकीची ट्रंक उचलून तिने डोक्यावर घेतली.

मंदाला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी दिसू लागली. खरं बोलावं तर हा तोंड फिरवून जाईल. न बोलावं तर आई अशीच ओझं वाहत डब्यापर्यंत चालेल.

“ती...” तिने आईचा पदर धरला. “ती मन्ही माय शे.”

लीलाधर हसला नाही. “माले समजनं व्हतं. कोनी कामवाली असा केस कानमांगे सारस नही.”

आपली बोली त्याच्या तोंडून ऐकून ती चमकली. “मंग बोलनात का नही?”

“तुम्ही शुद्ध बोली ऱ्हायंतात... म्हनून मीबी.”

त्याने पुढे होऊन ट्रंक उतरवून घेतली आणि भागाबाईच्या पायाला हात लावला. “माय, गाव कोनतं तुमनं? मांगनी घालाले मन्हा बापले धाडना शे.”

भागाबाईने आधी लेकीकडे पाहिलं.

“सांगू का व?” तिने हळूच विचारलं.

मंदा रडत रडत पुढे झाली, आणि गावाचं नाव तिनेच सांगितलं.